मधलं बटण

पुसद
९ जुलै २०२५

प्रिय संघा,
जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "शिफ्टवर आहे दादा" म्हणून ठेवून देतोस. म्हणून हा कागद आईच्या डब्यात घालून पाठवतो आहे. लोणचं वर आहे, शेवया खाली. लोणचं संपेपर्यंत तरी पत्र वाचशील अशी आशा.

तुझी जीप सापडली. म्हणजे जीप नाही, पण तिचं स्टिअरिंग सापडलं. जुन्या जीपवाल्यांच्या त्या ग्रुपवर मी अजून आहे. गाडी तुझी होती, पण नाद दोघांचाही होता, तो काही चोरीला गेला नाही. काल तिथं कुणीतरी फोटो टाकला. कंपनीचं नव्हे, बाहेरून बसवलेलं, लहान आकाराचं, तीन दांड्यांचं स्टिअरिंग. तपकिरी चामडं आणि त्यावर निळ्या दोऱ्याची शिलाई. तपकिरी चामड्याला निळा दोरा लावणारा शहाणा या जिल्ह्यात एकच जन्माला आला आहे आणि तो माझ्या आईच्या पोटी. मधलं हॉर्नचं बटण मात्र गायब, तिथं नुसतं भोक. असणारच! तू लेथवर स्वतः काढलेलं पितळी बटण, त्यावर धम्मचक्र, त्यातला एक आरा वाकडा. ते फोटोत दिसलं असतं तर चोर त्याच दिवशी पकडला गेला असता.

आता पुढचं ऐक. विकणाऱ्याचं नाव विठ्ठलराव झोटिंग, राळेगाव तालुका. आडनावच झोटिंग! भुतानं पळवलेल्या गाडीची तक्रार कुठल्या ठाण्यात देतात, तूच सांग. हे गृहस्थ फोनवर सौदा करत नाहीत. ज्याला माल पाहिजे त्यानं हातानं पत्र लिहून मागायचं. आणि खाली ठळक अक्षरात, "पुसदकडे माल देणार नाही." का बरं? आर्णीला देणार, दारव्ह्याला देणार, मग पुसदनं काय घोडं मारलं? माल पुसदच्या माणसाचा आहे म्हणूनच ना?

एसटीत चेकर म्हणून अर्धं आयुष्य गेलं माझं. ज्याच्याजवळ तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो, हे मला कुणी शिकवायला नको. हा झोटिंग खिडकीबाहेर बघतो आहे.

मी रोशन राठोडच्या नावानं लिहिणार आहे. त्याचं दिग्रसचं वेल्डिंगचं आणि जुन्या सामानाचं दुकान, पत्ताही तोच. आधी माल ताब्यात घेतो, मग बघतो. लोहाऱ्याच्या तुझ्या कारखान्याच्या गेटबाहेरून गाडी गेली तेव्हा तू पोलिसात तक्रार दिली होतीस, तिची प्रत शोधून ठेव. मला ती कधी दिसलीच नाही.

बाकी स्टोअरला बरं चाललंय ना? मशीन सोडून स्टोअरला बसवलं म्हणजे बढतीच म्हणायची. दीपा रोज विचारते, काका कधी येणार.

तुझा,
दादा (धम्मरत्न)


दिग्रस
१० जुलै २०२५

मा. विठ्ठलराव झोटिंग यांस,
स. न. वि. वि.

आपण ग्रुपवर टाकलेलं स्टिअरिंग पाहिलं. माझ्याकडे जुनी जीप आहे, तिला कंपनीचं मोठं स्टिअरिंग आहे आणि वळवताना हात भरून येतात. आपला माल चांगला दिसतो. निळ्या दोऱ्याची शिलाई विशेष आवडली. ती कुठं करून घेतली, हे कळलं तर बरं होईल. मूळ गाडी कुणाची होती? मधलं बटण फोटोत दिसलं नाही. ते सोबत मिळेल ना?

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मी दिग्रसचा आहे, पुसदचा नाही.

आपला,
रोशन राठोड


ता. राळेगाव
१९ जुलै २०२५

श्री. रोशन राठोड यांस,
राम राम.

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे. हिशेबी माणसाचं दिसते, लोखंड जोडणाऱ्याचं नाही. पण असते एखाद्याचं.

तुम्ही न विचारता सांगितलं की तुम्ही पुसदचे नाही. मी तर विचारलं नव्हतं. पाकिटावर शिक्का मात्र पुसदचा आहे. बाजारहाटाला गेले असाल, असं मी धरून चालतो.

मी शेतकरी माणूस. कापूस, तूर, आणि जीपचा नाद. बैलबाजारात उभा राहून म्हातारा झालो, म्हणून माल देण्याआधी घेणारा पाहून घेतो. तुमची जीप कोण चालवते? पिऊन कुणी बसत तर नाही ना तिच्यावर? घरात लेकरं आहेत का? याची उत्तरं द्या, मग पुढचं.

आता तुमचे प्रश्न. शिलाई कुणी केली ते सांगणार नाही. गाडी कुणाची ते सांगणार नाही. मधलं बटण मिळणार नाही, ते माझ्यापाशी नाही, आणि त्यावर पुन्हा विचारू नये. असंच घ्यायचं असेल तर घ्या. एसटीच्या पार्सलनं पाठवीन.

विठ्ठलराव झोटिंग

ता. क. माझी घरवाली तानाबाई म्हणते, मुलगी द्यायची असल्यासारखे प्रश्न विचारता. मी म्हटलं, मुलीपेक्षा जास्त. मुलगी रुसून परत तरी येते.


लोहारा
२१ जुलै २०२५

दादा,
जय भीम.

डबा मिळाला. लोणचं छान. रिकामा डबा परत पाठवू नये म्हणून पेरू भरले आहेत, आईला सांग.

स्टिअरिंगचं सोडून दे. तसं स्टिअरिंग पुष्कळांकडे असतं. निळा दोराही आता सगळेच वापरतात. गाडी गेली ती गेली. मी विसरलो, तूही विसर. कशाला म्हाताऱ्या माणसाच्या मागं लागतोस? तक्रारीचा कागद खोली बदलताना कुठंतरी गहाळ झाला.

माझी तब्येत बरी आहे. मागच्या महिन्यात यायचं होतं, जमलं नाही. दीपाला सांग, काका येईल.

संघदीप


दिग्रस
४ ऑगस्ट २०२५

मा. विठ्ठलराव,
नमस्कार.

पार्सल मिळालं. जीप मीच चालवतो, पीत नाही, घरात एक मुलगी आहे, हे मागच्या चिठ्ठीत कळवलं होतंच. माल फोटोत होता तसाच आहे. चामड्याला हाताचा घाम लागून लागून दोन ठिकाणी काळं पडलंय. म्हणजे कुणीतरी मनापासून चालवलेली गाडी.

आता मोह वाढला. याच गाडीचं दुसरं काही आहे का आपल्याकडे? समोरचे पिवळे दिवे, मागचा बंपर, सीट? खरं म्हणजे गाडीच उभी असेल तर तीही बघायला येईन. म्हणाल त्या दिवशी येतो. गाडी आपल्याकडे कधी आली, कुणी आणून दिली, कागदपत्रं कुणाच्या नावावर आहेत, एवढं आधी कळवलं तर सोयीचं होईल.

बटणाबद्दल विचारू नका म्हणालात, तरी विचारतो. ते गेलं कुठं?

कळावे,
(येथे दोन शब्द खोडलेले)
रोशन राठोड


ता. राळेगाव
१४ ऑगस्ट २०२५

जे कुणी असाल त्यांस,

तुम्ही राठोड नाही.

पहिल्या पत्रावर पुसदचा शिक्का होता, तो मी सोडून दिला. पण या पत्राच्या शेवटी तुम्ही दोन शब्द लिहून खोडलेत. कागद खिडकीपाशी धरला तर स्वच्छ वाचता येतात. जय भीम. लिहायला काही हरकत नाही, माझे कितीक सोबती जय भीमवाले आहेत. पण बंजारा राठोडाचा हात सवयीनं कागदावर उतरला असता तर जय सेवालाल लिहून गेला असता. आणि जय भीमवाला माणूस स्वतःचंच जय भीम खोडतो, तेव्हा त्याला काहीतरी लपवायचं असते.

तुम्ही घेणारे नाही, चौकशी करणारे आहात. गाडी कधी आली, कुणी आणली, कागद कुणाच्या नावावर. बैल घेणारा दात पाहतो, बैलाच्या मालकाची जन्मकुंडली मागत नाही. मला तीन शंका येतात. एक, तुम्ही जुन्या गाड्या भंगारात तोडणारे दलाल आहात. दोन, तुम्ही वसुलीवाले आहात. तिसरी शंका मी लिहीत नाही, कारण ती खरी असली तर मला माझ्या शब्दाची फार काळजी करावी लागेल.

मी एका माणसाला वचन दिलं आहे. हे स्टिअरिंग पुसदला जाऊ द्यायचं नाही आणि त्याचं नाव कुठं घ्यायचं नाही. यातलं पहिलं वचन तुम्ही माझ्याकडून फसवून मोडवलं. दुसरं मोडणार नाही.

सौदा मोडला. माल परत पाठवा. तुमचे पैसे त्याच गाडीनं परत येतील.

विठ्ठलराव झोटिंग


पुसद
१८ ऑगस्ट २०२५

विठ्ठलराव झोटिंग यांस,

बरोबर ओळखलंत. मी राठोड नाही. मी धम्मरत्न उकंडा भगत, राहणार पुसद. आणि जय भीम आता उघड लिहितो, खोडत नाही.

स्टिअरिंग परत मिळणार नाही, कारण ते माझ्या धाकट्या भावाचं आहे. शिलाई उसवून पाहिली. चामड्याच्या आतल्या बाजूला बॉलपेननं "दीपा" लिहिलंय. दीपा माझी मुलगी. काका चामडं चढवत होता तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि तिनं हट्टानं आत आपलं नाव लिहिलं होतं. त्या दिवशी मीही तिथंच होतो. आता सांगा, पुष्कळांकडे असतं का असं स्टिअरिंग?

माझ्या भावानं ती जीप एकेक वस्तू जमवून उभी केली होती. दिवे अकोल्याहून, सीट नागपूरच्या एका माणसाकडून, सगळं दुसऱ्यांचं वापरलेलं, पुसून, घासून, रंगवून. मागच्या वर्षी ती लोहाऱ्याहून चोरीला गेली आणि तेव्हापासून माझा भाऊ माझ्यापासून दूर गेला. येत नाही, बोलत नाही, फोनवर दोन वाक्यं. दीपाशी तर बोलायचंच टाळतो. ज्या मुलीला तो खांद्यावरून उतरवत नसे तिच्याशी! गाडी गेल्याचं दुःख मी समजू शकलो असतो. पण भाऊच जातो आहे, ते मला सहन होत नाही. म्हणून मला चोर पाहिजे. चोर सापडला तर माझा भाऊ परत येईल, असं मला वाटतं. हसायचं तर हसा.

तुम्ही वचनाची भाषा करता. चोराला दिलेलं वचन कसलं पाळता? आमच्यासारख्यांच्या तक्रारीकडे कोण बघतो, असा तुमचा हिशेब असेल तर तो चुकीचा आहे. पोळा होऊन जाऊ द्या, सणासुदीचं तुमच्या दारात पोलीस नकोत, एवढी माणुसकी माझ्यात आहे. पण पोळ्यानंतरच्या सोमवारी मी ठाण्यात जाणार. तुमची दोन्ही पत्रं सोबत असतील.

टाळायचं असेल तर दोन गोष्टी करा. गाडी कुणी आणून दिली त्याचं नाव लिहा. आणि ते बटण पाठवा. तुम्ही ते पुरावा म्हणून काढून ठेवलंत, हे न कळण्याइतका मी खुळा नाही.

धम्मरत्न भगत


ता. राळेगाव
२३ ऑगस्ट २०२५

धम्मरत्नभाऊ,
राम राम आणि जय भीम.

टपालानं हे सोमवारच्या आत पोहोचणार नाही, म्हणून पुसदच्या बाजूला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात देतो आहे. पाकिटावर तुमचं नाव वाचून तो घाबरला. म्हणाला, हे तर चेकरसाहेब. तेव्हा मला तुमच्या प्रश्नांचा उलगडा झाला. त्या गरिबाला पत्र आणल्याबद्दल पकडू नका.

काल पोळा झाला. बैल तोरणाखालून फिरवून आणले, पुरणपोळी खाल्ली, पण घास गोड लागला नाही. तिसरी शंका लिहीत नाही म्हणालो होतो. ती हीच होती, की तुम्ही त्या पोराचे दादा असाल.

होय, गाडी माझ्याकडे आहे. माझ्या गोठ्यात, जुनी जोडी बांधत होतो त्या जागी, ताडपत्रीखाली. ज्यानं आणून दिली त्याचं नाव संघदीप उकंडा भगत.

आता उठून चपला घालू नका. आधी पुढचं वाचा.

पोराची नि माझी ओळख जीपच्या दिव्यांवरून झाली. दोनतीनदा आला, जेवून गेला, तानाबाईला आई म्हणायला लागला. मागच्या पोळ्याच्या आधी एक दिवस जीप घेऊन आला, अंगणात उतरला आणि म्हणाला, "काका, हे तुमच्याच्यानं ठेवून घेता येईन का?" मी म्हटलं, "कायले? लेकरासारखी गाडी, मले कायले देतं?" तो काही बोलायच्या आतच खाली पडला. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, तोंडातून फेस. तानाबाई चप्पल घेऊन धावली, मी कांदा फोडला. आमच्याकडं करतात ते सगळं केलं. शुद्धीवर आल्यावर बिचारा हसून म्हणाला, "काका, चप्पल नका हुंगवत जाऊ. कुशीवर करून ठेवत जा फक्त."

त्याला फिट येतात, धम्मरत्नभाऊ. तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मशीनवरून त्याला काढून स्टोअरला बसवलं ते त्यामुळं. डॉक्टरनं गाडीला हात लावू नको म्हणून सांगितलं. आणि एकदा फिट गाडी चालवतानाच आली होती. त्या वेळी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं, ते मी लिहिणार नाही. तुमच्या घरी विचारा. लहान माणूस खरं सांगते.

चोरी झाली नाही, तक्रारही झाली नाही. घरी काय सांगायचं, तर चोरीला गेली सांगितलं. मी म्हटलं, "दादाले खरं सांग." तो म्हणाला, "काका, दादा वाईट नाही. पण तो एकदा का संशयानं पाहाले लागला ना, मग जलमभर तसाच पाहाते. मले चोरानं लुटलेला भाऊ म्हनून राहू द्या." मला ते पटलं नाही. पण शब्द दिला.

जीप इथंच राहणार होती. तरी पोरगं दोनदा आलं. "एक चक्कर, काका, बांधावरून फक्त." दुसऱ्या वेळी मी हो म्हणता म्हणता राहिलो. मग स्टिअरिंग काढून कडब्यात लपवलं, तर जाताना तोच म्हणाला, विकून टाका, लांब कुठंतरी जाऊ द्या, पुसद सोडून. म्हणून मी ते ग्रुपवर टाकलं आणि घेणाऱ्याला पत्र लिहायला लावलं. फोनवर माणूस कळत नाही. कागदावर तुम्ही कळलात, पण उशिरा.

आता बटण. ज्या दिवशी स्टिअरिंग काढलं, त्या दिवशी पोरानं मधलं बटण फिरवून काढलं आणि मुठीत धरून उभा राहिला. म्हणाला, "हे नाही देत काका. राग येईन का?" मी म्हटलं, "राग कायले? आम्ही बाजारात बैल विकतो, पन दावं देतो का कधी?" जनावर नव्या मालकाच्या दोरीनं जाते. आपलं दावं आपण सोडून घेतो आणि घरी आणून खुंट्याला टांगतो. दावं दिलं तर गोठा सुटला असं समजतात. दावं घरी असलं तर कधीतरी तिथं पुन्हा काहीतरी बांधलं जाईल, एवढी आस राहते. पोराला हे फार आवडलं. बटण त्यानं शर्टाच्या खिशात टाकलं.

ते मी पुरावा म्हणून ठेवलं असं तुम्ही लिहिता. ते तुमच्या भावाच्या खिशात आहे.

सोमवारी ठाण्यात जायचं तर जा. पण पहिला प्रश्न मला नाही, त्याला विचारतील. त्याचं खोटं कागदावर चढेल आणि त्याचा आजार चारचौघांत जाईल. ते होऊ नये म्हणून मी शब्द मोडला. आजवर बाजारात माझा शब्द कधी मोडला नव्हता. तुमच्यामुळं मोडला, याचा मला राग आहे, आणि तो लपवत नाही.

तुमच्याबद्दल माझं मन अजून साफ नाही. दुसऱ्याचं नाव घेऊन लिहिणारा माणूस भावाला कसा सांभाळेल, हा माझा संशय आहे. तो तुम्हीच दूर करा.

विठ्ठलराव


पुसद
३१ ऑगस्ट २०२५

संघा,
जय भीम.

मी ठाण्यात गेलो नाही.

झोटिंगकाकांचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नकोस. मी त्यांना चोर म्हणालो, पोलिसांची धमकी दिली. तुला वाचवायला त्यांनी शब्द मोडला. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, पण अशा गोष्टीची माफी पत्रात मावत नाही. प्रत्यक्ष जाऊन पाया पडावं लागेल.

तुझं जुलैचं पत्र पुन्हा काढून वाचलं. "कशाला म्हाताऱ्या माणसाच्या मागं लागतोस?" संघा, तो माणूस म्हातारा आहे हे मी तुला कुठं लिहिलं होतं? मला तर तेव्हा माहीतही नव्हतं. लोकांच्या खिशातलं फाटलेलं तिकीट दुरून ओळखणारा मी, आणि सख्ख्या भावाच्या चार ओळी मला नीट वाचता आल्या नाहीत. कारण मी चोर शोधत होतो. तुझ्याकडे बघतच नव्हतो.

मग दीपाला जवळ घेऊन विचारलं. रागावून नाही, खरंच नाही. म्हटलं, "काकासोबत गाडीत काय झालं होतं गं एकदा?" तिनं आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "काका झोपले होते, बाबा. गाडी सोयाबीनात गेलती. मी हाका मारल्या, उठेच ना. मग मी हॉर्न दाबला. दाबूनच ठेवला. निंदनाऱ्या बाया धावत आल्या."

मी विचारलं, "मग मले सांगितलं काहून नाही?"

म्हणाली, "काका रडत होते. म्हने, तुह्या बाबाले कळलं तर ते तुले मह्यासोबत बसू देनार नाहीत. मग मी नाही सांगितलं."

संघा, तू बरोबर होतास. तेव्हा कळलं असतं तर मी तिला तुझ्यासोबत बसू दिलं नसतं. गाडीतच काय, घरातही तुझ्याकडे तसाच बघत राहिलो असतो, आता पडेल, मग पडेल असा. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण ते खरं आहे. पोरीनं माझ्यापेक्षा तुला जास्त ओळखलं. वर्षभर तिनं तुझं गुपित सांभाळलं, आणि तू तिच्याशी बोलणं टाळलंस. ती काय समजली माहीत आहे? तिला वाटतं, तिनं हॉर्न वाजवून सगळ्यांना बोलावलं म्हणून काका रागावला. हे तू तिला स्वतः येऊन सांगायचं. ते माझ्या सांगण्यासारखं नाही.

आईला मी सांगितलं. तुझ्या वहिनीलाही. आई थोडी रडली, मग म्हणाली, गोळ्या जेवणाआधी की नंतर, तेवढं विचार. कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल हुंगवायची नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. दीपा आजीची परीक्षा घेते.

जीप गोठ्यातच राहू दे. डॉक्टर ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवशी आपण दोघं जाऊन आणू. त्यांनी कधीच हो म्हटलं नाही, तर मी चालवीन आणि तू शेजारी बसून माझ्या चुका काढ. आजवर मी तुझ्या काढल्या, आता तू काढ.

आणि एक. स्टिअरिंग मी परत पाठवत नाही. उसवलेली शिलाई पुन्हा निळ्या दोऱ्यानं घालून घेतली, आतलं नाव तसंच ठेवून. वेगळा बॉस, म्हणजे मधला जोड, घेऊन ते माझ्या जुन्या कारला बसवलं आहे. हातात मस्त बसतं. पण मध्ये भोक आहे. नवं बटण घे म्हणून मेकॅनिक मागं लागला, रोशननंही दुकानातलं एक आणून दिलं. मी बसवलं नाही. दीपानंही बसवू दिलं नाही.

तोवर माझी गाडी मुकी आहे. बाजारातून जाताना काच खाली करून "बाजू, बाजू" म्हणून ओरडावं लागतं. सगळं पुसद हसतं.

बटण घेऊन ये.

दादा


लोहारा
३ सप्टेंबर २०२५

दादा,
जय भीम.

गोळ्या जेवणानंतर. आईला सांग.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. तिकीट काढूनच येईन, चेकरला सांग. स्टँडवर एकटा येऊ नकोस, दीपाला पुढच्या सीटवर बसवून आण. मी मागं बसेन. बटण तिच्या हातानं बसवू.

पहिला हॉर्न तिनंच वाजवायचा. पाहिजे तितका वेळ दाबून ठेवू दे.

संघा